बाप्तिस्मा, सभासदत्व आणि चर्चबाहेरचे ख्रिस्तभक्त

१. प्रस्तावना

एक साधा वाटणारा प्रश्न घेऊन या पाठाची सुरुवात करू. एखादी व्यक्ती ख्रिस्ती आहे हे कशावरून ठरवायचे? तिच्या मनातील श्रद्धेवरून, तिने घेतलेल्या बाप्तिस्म्यावरून, की चर्चच्या नोंदवहीत तिचे नाव आहे यावरून? बहुतेक वेळा ही तिन्ही उत्तरे एकाच व्यक्तीला लागू पडतात, म्हणून प्रश्न उद्भवत नाही. पण एखादा माणूस म्हणतो, ‘माझी ख्रिस्तावर श्रद्धा आहे, मात्र मी पाण्याचा बाप्तिस्मा घेणार नाही.’ दुसरा म्हणतो, ‘माझा बाप्तिस्मा झाला आहे, पण खरी मंडळी या नोंदवहीत मावत नाही, म्हणून मी बाहेर पडतो.’ अशा वेळी तिन्ही उत्तरे वेगळी होतात आणि इतिहासकाराला थांबून विचार करावा लागतो.

भारतात हा प्रश्न गेल्या दीडशे वर्षांत पुन्हा पुन्हा विचारला गेला. आपण प्रामुख्याने महाराष्ट्रातील दोन उदाहरणे पाहणार आहोत: पंडिता रमाबाईंचे केडगाव आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा सातारा येथील ‘देवाचा दरबार’. पण सुरुवात बेंगळुरूपासून करू, कारण या विखुरलेल्या घटनांकडे एकत्रितपणे पाहण्याचे महत्त्वाचे काम त्या शहरात झाले.

२. बेंगळुरूमधील वाद

बेंगळुरूच्या मिलर्स रोडवर युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज ही प्रॉटेस्टंट धर्मशिक्षणाची संस्था आहे. तिची स्थापना १९१० मध्ये झाली. १९६० च्या दशकात काय बागो हे डॅनिश अभ्यासक तेथे चर्चचा इतिहास शिकवत होते. १९६६ मध्ये त्यांनी मिशनकार्यासमोरच्या वसाहतोत्तर पेचाविषयी एक लेख लिहिला. त्यातला प्रश्न सरळ होता. हिंदू, बौद्ध किंवा मुसलमान माणसाला ख्रिस्ताचा होण्यासाठी ‘ख्रिस्ती’ झालेच पाहिजे का? त्याच्या परंपरेला परक्या असलेल्या चर्चसंघटनेत त्याने दाखल व्हायलाच हवे का? बागोंचे उत्तर नकारार्थी होते. धर्मगुरू घडवणाऱ्या संस्थेतील इतिहासाच्या शिक्षकाने असे म्हणावे, यामुळे मोठी चर्चा झाली.

बागो केवळ तर्क करून थांबले नाहीत. आंध्र प्रदेशातील कृष्णा जिल्ह्यात कालगरा सुब्बाराव या शाळाशिक्षकांभोवती एक भक्तिचळवळ उभी राहिली होती. १९४२ मध्ये आपल्याला ख्रिस्ताचे दर्शन झाले असे सुब्बाराव सांगत. ख्रिस्ताच्या नावाने ते प्रार्थनासभा घेत, पण बाप्तिस्म्यावर आणि संघटित चर्चवर कडक टीका करत. बागो यांनी या चळवळीचा अभ्यास करून १९६८ मध्ये पुस्तक लिहिले. पुढच्याच वर्षी भारतीय वळणाचा ख्रिस्ती धर्म शोधणाऱ्या आद्य प्रवर्तकांवरील त्यांचे पुस्तक आले. दुसऱ्या पुस्तकामुळे एक गोष्ट स्पष्ट झाली: सुब्बाराव हा अपवाद नव्हता, त्यांच्यामागे जवळजवळ शतकाची परंपरा होती.

याच शहरात १९५७ पासून ‘ख्रिश्चन इन्स्टिट्यूट फॉर द स्टडी ऑफ रिलिजन अँड सोसायटी’ ही संशोधनसंस्था काम करत होती. तिचे संचालक एम. एम. थॉमस आणि चर्च ऑफ साउथ इंडियाचे मद्रासचे बिशप लेस्ली न्यूबिगिन यांच्यात १९७० च्या दशकाच्या आरंभी बाप्तिस्मा आणि मंडळी या विषयावर पत्रव्यवहार झाला. तो १९७२ मध्ये संस्थेच्या नियतकालिकात छापला गेला. थॉमस यांचे म्हणणे थोडक्यात असे: भारतात बाप्तिस्मा म्हणजे एका समाजातून दुसऱ्या समाजात झालेले स्थलांतर असे मानले जाते. मग ख्रिस्ताला मानणाऱ्यांची संगत हिंदू समाजाच्या आतही का असू नये? न्यूबिगिन यांचे उत्तर असे: माणूस म्हणजे केवळ अंतःकरण नव्हे. ज्या निष्ठेला काही दृश्य, सामाजिक रूप नाही, ती टिकणार कशी?

हे दोन्ही प्रश्न लक्षात ठेवा. पुढील प्रत्येक उदाहरणात ते आपल्याला पुन्हा भेटतील.

३. पाणी आणि आत्मा: मूळ पेच

बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ती मंडळीत प्रवेशाचा, पाण्याने केला जाणारा संस्कार. मराठी कॅथलिक समाजात त्याला स्नानसंस्कार असेही म्हणतात. यावरचा वाद भारतात जन्मलेला नाही. त्याचे मूळ नव्या करारातच आहे. तेथे योहान आपण पाण्याने बाप्तिस्मा देतो असे सांगतो आणि आपल्यामागून येणारा पवित्र आत्म्याने बाप्तिस्मा देईल असेही सांगतो. मग हे बाप्तिस्मे दोन की एक? आत्म्याचा झाला तर पाण्याचा हवाच का?

‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात कर्नेल्य नावाच्या रोमी अधिकाऱ्याची कथा आहे. त्याच्या घरी जमलेल्या परकीयांवर पवित्र आत्मा आधी उतरतो आणि पाण्याचा बाप्तिस्मा त्यानंतर होतो. या कथेचा आधार दोन्ही पक्ष घेतात. एक पक्ष म्हणतो, पाहा, आत्मा पाण्यासाठी थांबला नाही. दुसरा म्हणतो, पाहा, आत्मा मिळाल्यावरही पेत्राने पाणी टाळले नाही.

सतराव्या शतकात इंग्लंडमधील क्वेकर पंथाने पाण्याचा बाप्तिस्मा सोडून दिला आणि आंतरिक बाप्तिस्माच खरा मानला. महाराष्ट्राला अधिक जवळचे उदाहरण मुक्तिफौजेचे आहे. सप्टेंबर १८८२ मध्ये फ्रेडरिक टकर हे सनदी नोकरी सोडलेले इंग्रज गृहस्थ आपल्या लहानशा तुकडीसह मुंबईत उतरले. त्यांनी भारतीय नाव घेतले, भारतीय वेष घेतला. पुढच्याच वर्षी मुक्तिफौजेने बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे दोन्ही विधी थांबवले. अंतरंगातील बदल महत्त्वाचा, बाहेरची खूण नव्हे, हा त्यामागचा विचार. मात्र येथे एक बारकावा पाहा. मुक्तिफौजेत ‘सैनिक’ होण्यासाठी प्रतिज्ञापत्रावर सही करावी लागते आणि सैनिकांची यादी ठेवली जाते. पाणी गेले, पण नोंदवही राहिली.

४. भारतात बाप्तिस्मा इतका जड का झाला?

युरोपात बहुतेकांचा बाप्तिस्मा तान्हेपणी होत असे. त्यामुळे माणसाचे गाव, जात, वारसा, पंगत यांत काही फरक पडत नसे. भारतात प्रौढ माणसाने बाप्तिस्मा घेतला की त्याचे घर हादरे. १८३९ मध्ये मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेतील पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले आणि शाळेतील मुलांची संख्या एकदम घटली. त्या तरुणांनी विल्सन यांचे व्याख्यान ऐकले म्हणून खटला झाला नव्हता. बाप्तिस्मा घेतला म्हणून झाला. ऐकणे, वाचणे, मानणे समाज खपवून घेत होता. पाणी ही सीमा होती.

ही सीमा कायद्यातही उतरली. धर्म किंवा जात सोडल्यामुळे वारसाहक्क जाऊ नये यासाठी १८५० मध्ये ब्रिटिश सरकारला जातिनिर्बंध निवारण कायदा करावा लागला. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याने ‘ख्रिस्ती’ म्हणजे ख्रिस्ती धर्म मानणारी व्यक्ती अशी व्याख्या केली. तीत बाप्तिस्म्याचा उल्लेख नाही. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाने या जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती दलितांचा झालेला नाही. म्हणजे बाप्तिस्म्याच्या नोंदीचा संबंध दलित कुटुंबाच्या शिक्षणाशी, नोकरीशी आणि राखीव मतदारसंघाशीही येतो.

यामुळे भारतात ‘मी आत्म्याचा बाप्तिस्मा मानतो, पाण्याचा नाही’ हे वाक्य केवळ धर्मशास्त्रीय राहत नाही. ते म्हणणाऱ्याला कोणता समाज सोडायचा आहे आणि कोणता सोडायचा नाही, हेही त्यात सांगितलेले असते.

५. पंडिता रमाबाई: बाप्तिस्म्यानंतरचा शोध

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. तेथील अँग्लिकन भगिनींच्या मठात त्या राहत होत्या. संस्कार झाला, नाव नोंदले गेले. पण वाद त्यानंतर सुरू झाला. सिस्टर जेराल्डिन आणि डोरोथिया बील यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. त्यात रमाबाई त्रैक्याच्या सिद्धांतावर प्रश्न विचारतात, अथनेशियन मतांगीकार मान्य करत नाहीत. मुख्य म्हणजे आपण ख्रिस्ताच्या मंडळीत आलो आहोत, अँग्लिकन चर्चच्या प्रत्येक आज्ञेला बांधील झालेलो नाही, अशी भूमिका घेतात. इंग्लंडमध्ये इतके पंथ दिसत असताना एकालाच खरे कसे मानायचे, हा त्यांचा सवाल होता. आपल्या पूर्वजांच्या धर्मातील पुरोहितशाही सोडून आलेल्या बाईला नव्या धर्मात दुसरी पुरोहितशाही नको होती.

१९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत रमाबाईंनी याहून खोल गोष्ट नोंदवली आहे. बाप्तिस्म्यानंतर अनेक वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, अशा आशयाची त्यांची कबुली आहे. हा दुसरा टप्पा त्यांना १८९१ च्या सुमारास गाठता आला. म्हणजे पाण्याचा संस्कार आणि अंतरंगातील अनुभव यांत त्यांच्या आयुष्यात सुमारे आठ वर्षांचे अंतर होते.

जून १९०५ च्या अखेरीस केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये जागृतीची लाट आली. दुष्काळात आश्रयाला आलेल्या मुली आणि विधवा तासन्‌तास प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या, अंगात अग्नी उतरल्याचे सांगू लागल्या. मुक्तीत काम करणाऱ्या मिनी एब्रम्स या अमेरिकन बाईंनी १९०६ मध्ये पवित्र आत्म्याचा आणि अग्नीचा बाप्तिस्मा या विषयावर पुस्तक लिहिले. हा अनुभव पाण्याच्या बाप्तिस्म्याहून वेगळा आणि त्यानंतरही आवश्यक आहे, असे त्यात मांडले होते.

ते पुस्तक एब्रम्स यांनी दक्षिण अमेरिकेतील चिली देशात, वालपारायसो येथील आपल्या मैत्रिणीला पाठवले. तिचे पती विलिस हूवर मेथॉडिस्ट पाळक होते. १९०९ मध्ये त्यांच्या मंडळीत तशीच जागृती झाली. ही शिकवण मेथॉडिस्ट मताला धरून नाही, असा आक्षेप वरिष्ठांनी घेतला. १९१० मध्ये हूवर मूळ चर्चमधून बाहेर पडले आणि त्यांच्याभोवती मेथॉडिस्ट पेंटेकोस्टल चर्च उभे राहिले. दौंड तालुक्यातील एका गावात पेटलेली ठिणगी अशी दूरदेशी जाऊन पडली आणि तेथे आत्म्याच्या बाप्तिस्म्यावरून एक चर्च दुभंगले.

केडगावात मात्र असे का घडले नाही? एक कारण असे, की मुक्ती मिशन कोणत्याही एका पंथाच्या ताब्यात नव्हते. बाहेर पडायला तेथे वरिष्ठ चर्चच नव्हते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. तेथील मुलींना संस्था ओझे वाटण्याचे कारण नव्हते. संस्था म्हणजे त्यांचे अन्न, छप्पर, अक्षरओळख आणि हातातले काम होते.

६. नारायण वामन टिळक आणि देवाचा दरबार

आता मुख्य उदाहरणाकडे येऊ. टिळकांचा जन्म १८६१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला, ही हकीकत प्रसिद्ध आहे. त्यानंतर त्यांची श्रद्धा बदलली, पण बाप्तिस्मा लगेच झाला नाही. मन पलीकडे आणि नाव अलीकडे, अशा अवस्थेत काही काळ गेला. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या पाण्याची किंमत घरात मोजावी लागली. पत्नी लक्ष्मीबाई चार-साडेचार वर्षे त्यांच्यापासून दूर, नातलगांकडे राहिल्या. पुढे त्या अहमदनगरला आल्या. तेथेही सुरुवातीला त्यांनी आपला स्वयंपाक आणि सोवळे वेगळे ठेवले. हळूहळू मनातील जातीची बंधने सुटली आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात हा प्रवास त्यांनी सांगितला आहे. तो मुळातून वाचा. धर्मांतराकडे घरातून पाहिले की कसे दिसते, हे त्यातून समजते.

टिळकांनी पुढील दोन दशके मिशनमध्ये शिक्षक, पाळक आणि ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादक म्हणून काम केले. मराठी चर्चमधील उपासनेत इंग्रजी चालींची भाषांतरित गीते गायली जात. टिळकांनी तेथे अभंग, भजन आणि कीर्तन आणले. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते म्हणत. मराठी मंडळ्यांत त्यांची गीते आजही गायली जातात.

पण एक अस्वस्थता वाढत होती. मिशनकडून पगार घेणारा भारतीय पाळक लोकांच्या नजरेत साहेबाचा नोकर होता. चर्चचा कारभार, पैसा आणि अंतिम निर्णय परदेशी मिशनऱ्यांच्या हाती होता. दुसरीकडे, ख्रिस्ताविषयी मनापासून प्रेम असलेली पण बाप्तिस्म्याच्या सीमेवर अडलेली अनेक माणसे टिळकांना भेटत. ती चर्चमध्ये येऊ शकत नव्हती आणि चर्च त्यांना आपले म्हणत नव्हते. वीस वर्षांपूर्वी टिळक स्वतः त्याच जागी उभे होते.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी आणि पगार सोडला, ख्रिस्ती संन्यास घेतल्याचे जाहीर केले आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. दरबाराची कल्पना बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या ख्रिस्तशिष्यांचा बंधुसंघ अशी होती. दोघांना सारखे स्थान. प्रवेशाची अट ख्रिस्तावरील निष्ठा. पाणी नव्हे, पंथ नव्हे, जात नव्हे. देशावरील प्रेम आणि ख्रिस्तावरील प्रेम यांत विरोध नाही, हेही दरबाराचे म्हणणे होते. होमरूलच्या चळवळीचा तो काळ आहे, हे येथे ध्यानात घ्या.

टिळकांनी नेमके काय सोडले, याचे उत्तर काळजीपूर्वक द्यायला हवे. त्यांनी ख्रिस्त सोडला नाही. आपला बाप्तिस्मा खोटा म्हटला नाही. चर्च मोडा असेही ते म्हणाले नाहीत. दरबारातील बाप्तिस्मा झालेली माणसे आपापल्या मंडळीत राहू शकत होती. त्यांनी सोडली ती मिशनची चाकरी, आणि नाकारला तो एकच दावा: चर्चची नोंदवही म्हणजेच ख्रिस्ताच्या माणसांची पूर्ण यादी, हा.

दरबार फार काळ चालला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले आणि त्यांच्यामागे दरबार उभा राहू शकला नाही. संस्थापकाचे व्यक्तित्व हाच त्याचा खांब होता. टिळकांचे चरित्र लिहिणारे इंग्रज मिशनरी जे. सी. विन्स्लो यांनी १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ हा आश्रम स्थापला. त्यामागे टिळकांची प्रेरणा होती, पण तो अँग्लिकन चर्चच्या चौकटीत राहिला. दरबाराची भारतीय राहणी आश्रमाने उचलली. बाप्तिस्म्याची सीमा ओलांडण्याचा धाडसी भाग मात्र मागे पडला.

७. समांतर उदाहरणे

टिळक एकटे नव्हते. कलकत्त्यात १८८७ मध्ये कालीचरण बॅनर्जी आणि जे. जी. शोम यांनी आपापली चर्चे सोडून ‘ख्रिस्तो समाज’ काढला. पंथभेद आणि पाळकवर्ग दोन्ही नकोत, हा त्याचा आग्रह होता.

राजकोटचे मणिलाल पारेख यांचे उदाहरण टिळकांच्या उलट बाजूचे आहे. जैन कुटुंबात जन्मलेले पारेख केशवचंद्र सेनांच्या प्रभावातून ख्रिस्ताकडे आले. १९१८ मध्ये त्यांनी मुंबईत अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि थोड्याच काळात ते चर्चपासून दूर झाले. बाप्तिस्मा हा त्यांच्या मते शुद्ध आध्यात्मिक संस्कार होता. त्यामुळे समाज बदलावा, पेहराव बदलावा, राजकीय गट बदलावा, हे त्यांना मान्य नव्हते. ख्रिस्ताचा शिष्य आपल्या मूळ समाजातच राहिला पाहिजे, असे त्यांचे मत बनले.

तिघांची भूमिका शेजारी ठेवून पाहा. बॅनर्जींनी पंथ सोडले आणि नवा समाज काढला. पारेखांनी पाणी स्वीकारले, पण समाजांतर नाकारले. टिळकांनी स्वतः दोन्ही स्वीकारले होते, पण ते इतरांवर अट म्हणून लादायला नकार दिला. ‘चर्च सोडले’ या एका शब्दप्रयोगात असे किमान तीन वेगळे निर्णय दडलेले असतात. परीक्षेत आणि संशोधनात दोन्हीकडे ते वेगळे ओळखता आले पाहिजेत.

८. दुसरी बाजू: सीमा कोणाला हवी होती?

येथवर वाचून तुम्हाला वाटेल, की नोंदवही ही जाचक वस्तू आणि तिच्याबाहेर पडणारे ते मुक्त. इतिहास इतका सरळ नाही. बॅनर्जी, टिळक, पारेख हे तिघेही सुशिक्षित, वरच्या मानल्या गेलेल्या समाजांतून आलेले पुरुष होते. मूळ समाजात राहण्याला त्यांच्या दृष्टीने मोल होते. पण टिळक ज्या अहमदनगर भागात राहिले, तेथील अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांत महार आणि मांग समाजांतून आलेली माणसे बहुसंख्य होती. ‘ख्रिस्ती होऊनही आपल्या मूळ समाजातच राहा’ हा सल्ला त्यांना कसा वाटला असता? त्यांचा मूळ समाज म्हणजे गावकुसाबाहेरचे घर आणि वेगळा पाणवठा. त्यांना दृश्य संघटना हवी होती: शाळा, सभा, लग्न लावणारा पाळक, दफनभूमी आणि अडचणीत नावाने हाक मारणारी मंडळी.

लक्ष्मीबाईंकडूनही हाच प्रश्न विचारता येतो. पगार सोडण्याचा निर्णय टिळकांचा होता. ठरलेले उत्पन्न गेल्यावर घरखर्चाचा मेळ घालण्याचे काम कोणाकडे आले असेल, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्याला सांगावे लागत नाही.

या संदर्भात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे एक निरीक्षण फार उपयोगी आहे. ‘द बुद्धा अँड हिज धम्म’ या ग्रंथात ते म्हणतात, की भिक्खूंसाठी संघदीक्षा होती, पण सामान्य उपासकासाठी स्वतंत्र धम्मदीक्षेचा विधी नव्हता. ही मोठी उणीव होती आणि भारतातील बौद्ध धर्माच्या ऱ्हासाचे ते एक कारण ठरले, असे त्यांचे मत आहे. विधी नसेल तर माणूस आत आहे की बाहेर, हे कोणालाच कळत नाही. तो स्वतःही डळमळीत राहतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी जाहीर दीक्षा घेतली, आपल्या अनुयायांना दिली आणि बावीस प्रतिज्ञा उच्चारून घेतल्या. टिळकांनी ज्या वर्षी सीमा पुसायचा प्रयत्न केला, त्यानंतर चाळीस वर्षांच्या आत आंबेडकरांनी विचारपूर्वक एक सीमा आखली. दोघेही माणसाच्या मोकळेपणासाठीच झटत होते.

९. साधने कशी वाचावीत?

चर्चबाहेर गेलेल्या माणसांचा इतिहास लिहिताना एक अडचण येते. चर्चची नोंदवही आत आलेल्यांची नोंद ठेवते. बाहेर राहिलेल्यांची ठेवत नाही. ज्यांनी ख्रिस्ताला मानले पण पाणी घेतले नाही, ते मिशनच्या वार्षिक अहवालात फार तर ‘जिज्ञासू’ म्हणून येतात. म्हणून आत्मचरित्रे, पत्रे, नियतकालिके आणि गीते यांकडे वळावे लागते.

प्रत्येक साधनाचा कल ओळखा. विन्स्लो यांनी टिळकांचे चरित्र १९२३ मध्ये लिहिले. त्यात मिशनरी मित्राचा आदर आहे आणि दरबाराला चर्चशी जुळवून दाखवण्याची इच्छाही आहे. लक्ष्मीबाई पत्नी म्हणून लिहितात. त्यांच्या विनोदामागचे कष्ट ओळखावे लागतात. बागो यांनी या मंडळींना वसाहतोत्तर काळाच्या प्रश्नांतून पाहिले, त्यामुळे त्यांच्या लेखनात बाहेर पडणाऱ्यांबद्दल सहानुभूती अधिक आहे. कोणतेच साधन खोटे नाही. कोणतेच पुरे नाही.

१०. समारोप

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे परत या. आत्म्याचा बाप्तिस्मा आणि खरी मंडळी यांविषयीच्या विचारातून ज्यांनी संघटित चर्च सोडले किंवा बाहेर राहणे पसंत केले, त्यांनी एक खरी चूक दाखवून दिली. भारतात चर्चने श्रद्धेची सीमा आणि समाजाची सीमा एकच करून टाकली होती, आणि त्या सीमेवर अनेक प्रामाणिक माणसे अडून राहिली होती. थॉमस यांचा प्रश्न म्हणूनच रास्त होता. पण ख्रिस्तो समाज आणि देवाचा दरबार यांचे अल्पायुष्य न्यूबिगिन यांच्या प्रश्नालाही बळ देते. चिलीतील हूवर यांची मंडळी टिकली, कारण बाहेर पडल्यावर तिने आपली संघटना पुन्हा बांधली. नोंदवहीबाहेर पडणे अवघड होतेच. नोंदवहीशिवाय टिकणे त्याहून अवघड ठरले.

म्हणून यापुढे एखाद्या धर्मचळवळीच्या इतिहासात ‘ते बाहेर पडले’ असे वाक्य आले, की तेथे थांबा आणि तीन गोष्टी विचारा. त्यांनी नेमके काय सोडले? जे सोडले त्याच्या जागी काय उभारले? आणि जे सोडणे त्यांना परवडले, ते त्यांच्या शेजारच्या कोणाला परवडणारे नव्हते?

स्वाध्याय

१. ‘देवाचा दरबार’ हा चर्चला विरोध होता की चर्चचा विस्तार? सकारण लिहा.
२. रमाबाई आणि मणिलाल पारेख यांच्या बाप्तिस्म्यानंतरच्या भूमिकांची तुलना करा.
३. थॉमस आणि न्यूबिगिन यांच्यापैकी कोणाचे म्हणणे तुम्हाला अधिक पटते? अहमदनगरच्या दलित ख्रिस्ती मंडळ्यांचा विचार करून उत्तर द्या.
४. आंबेडकरांनी धम्मदीक्षेला इतके महत्त्व का दिले? तो विचार वापरून दरबाराच्या अल्पायुष्याची मीमांसा करा.
५. तुमच्या परिसरातील एखाद्या भक्तिसंप्रदायात सभासदत्व कसे ठरते ते शोधा: माळ, दीक्षा, वर्गणी, वारी की केवळ येणेजाणे? दोन पानांत टिपण लिहा.